ब्रेकचा पिवळा दिवा आणि न उघडणारी डबी

गेल्या पावसाळ्यात माझ्या पंधरा वर्षांहून जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा लागला. गोलाच्या मध्ये तीन इंग्रजी अक्षरे, ए, बी, एस. ब्रेक नेहमीसारखेच लागत होते, तरी ब्रेकशी संबंधित दिवा म्हटल्यावर मनात धाकधूक होतीच. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. तिथल्या तरुणाने स्कॅनर लावला, दोन मिनिटांत काढला आणि म्हणाला, “सर, एबीएसचं मॉड्यूल बदलावं लागेल.” खर्चाचा आकडा गाडीच्या आजच्या बाजारभावाच्या जवळपास निम्मा होता. मॉड्यूलमध्ये नेमके काय बिघडले, असे विचारले तेव्हा उत्तर मिळाले, “ते उघडत नाहीत सर, पूर्ण बदलतात.”

“ते उघडत नाहीत” हे वाक्य डोक्यातून जाईना. माणसाने बनवलेली वस्तू माणसाने उघडायची नाही, हे कधी ठरले? कोणी ठरवले? इतिहास म्हटला की आपण राजवटी, लढाया आणि तह यांचाच विचार करतो. पण रोज वापरातल्या वस्तूंनाही इतिहास असतो, आणि ज्ञान कोणाच्या हाती राहिले व कोणाच्या हातून गेले, हे त्यातून कळते. एबीएसच्या डबीचा इतिहास त्यापैकीच एक आहे.

विमानाच्या चाकातून सुरुवात

ब्रेक जोरात दाबला की चाक थांबते, पण गाडी थांबेलच असे नाही. चाक जाम झाले की टायर फिरण्याऐवजी घसरू लागतो. पुढची चाके घसरू लागली, तर स्टिअरिंग कितीही फिरवले तरी गाडी सरळच जाते. जुने ड्रायव्हर म्हणूनच ओल्या रस्त्यावर ब्रेक दाबून धरत नसत, दाबत-सोडत, दाबत-सोडत थांबत. अँटी-लॉक ब्रेक हेच काम करतो, फक्त माणसाच्या पायापेक्षा कितीतरी वेगाने.

ही कल्पना कारमधून आलेली नाही. फ्रान्सचे विमान-निर्माते गॅब्रिएल व्हॉइसिन यांनी विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात विमानाच्या चाकांसाठी अशा यंत्रणेवर काम केले. धावपट्टीवर उतरताना चाक जाम झाले तर टायर फुटण्याची भीती असते आणि वैमानिकाला चाकाची अवस्था आतून कळत नाही. १९३६ मध्ये जर्मनीच्या बॉश कंपनीने मोटारगाडीचे चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले. कल्पना कागदावर होती, पण ती वेळेत अंमलात आणणारे साधन तेव्हा नव्हते.

दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या डनलॉप कंपनीने ‘मॅक्सारेट’ नावाची यंत्रणा आणली. तिच्यात वीज नव्हती की चिप नव्हती. चाकासोबत फिरणारे एक छोटे जडचक्र होते. चाक अचानक मंदावले तरी जडचक्र आपल्या वेगात फिरत राही, त्या फरकाने एक झडप उघडे आणि ब्रेकचा दाब सुटे. चाक पुन्हा फिरू लागले की झडप बंद. १९५०च्या दशकात ही यंत्रणा विमानांत रुळली. १९६६ मध्ये जेन्सन एफएफ या ब्रिटिश कारमध्ये ती बसवली गेली. त्या गाड्या जेमतेम ३२० बनल्या. कल्पना योग्य होती, पण सामान्य माणसाच्या गाडीसाठी महाग आणि संथ होती.

हजार सुट्या भागांचा मेंदू

वेग हवा असेल तर विजेशिवाय पर्याय नव्हता. अमेरिकेत फोर्डने १९६९ मध्ये मागच्या चाकांसाठी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा दिली. १९७१ मध्ये क्रायस्लरने आपल्या इम्पीरियल गाडीत चारही चाकांसाठी ‘शुअर ब्रेक’ आणला. त्याच सुमारास जर्मनीतल्या हायडेलबर्ग शहरात टेल्डिक्स ही कंपनी मर्सिडीज-बेंझसोबत काम करत होती. डिसेंबर १९७० मध्ये उंटरट्युर्कहाइम इथल्या चाचणी-मैदानावर तिचे प्रात्यक्षिकही झाले. गाडी ओल्या रस्त्यावर ब्रेक लावूनही वळत होती आणि पाहणारे थक्क झाले होते.

प्रत्यक्ष विक्रीला मात्र आठ वर्षे लागली. कारण होता त्या यंत्रणेचा मेंदू. त्यात सुमारे एक हजार सुटे इलेक्ट्रॉनिक भाग होते. इतके भाग म्हणजे त्याहूनही अधिक जोड, आणि प्रत्येक जोड म्हणजे बिघाडाची एक जागा. रेडिओ बिघडला तर गाणे थांबते, ब्रेकचा मेंदू बिघडला तर माणूस जातो. अभियंत्यांनी थांबायचे ठरवले. पुढे बॉशने ही जबाबदारी हाती घेतली आणि डिजिटल चिपच्या मदतीने सुट्या भागांची संख्या हजारावरून सुमारे १४० वर आणली.

घाई केल्यास काय होते, याचा धडा अमेरिकेने याच काळात घेतला. तिथे १९७५ पासून जड ट्रकसाठी असा नियम लागू झाला, की तो पाळायला अँटी-लॉक यंत्रणा बसवणे जवळपास भाग होते. इलेक्ट्रॉनिक्स त्या कामाला पुरेसे विश्वासार्ह नव्हते. बिघाडांच्या तक्रारी वाढल्या, प्रकरण न्यायालयात गेले आणि १९७८ मध्ये अपील न्यायालयाने नियमाचा तो भाग रद्द केला. ट्रकांवर एबीएसची सक्ती परत यायला १९९७ उजाडले.

ज्या वर्षी अमेरिकेत नियम रद्द झाला, त्याच वर्षी मर्सिडीजने आपल्या एस-क्लासमध्ये बॉशचा एबीएस विक्रीला आणला. त्यासाठी २,२१७.६० जर्मन मार्क जादा मोजावे लागत. श्रीमंतांची ही सोय पुढे वेगाने पसरली. १९८६ पर्यंत बॉशने दहा लाख संच बनवले होते. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून नव्या कारना आणि १२५ सीसीवरील दुचाकींना एबीएस बंधनकारक झाला. आता पुण्याजवळच्या चाकणमध्येही हे संच तयार होतात.

मेंदू डबीत गेला

इथवरचा इतिहास कौतुकाचा आहे, पण पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही.

सुरुवातीच्या एबीएसमध्ये मेंदू, म्हणजे कंट्रोल युनिट, वेगळा असे. तो गाडीच्या आत, कोरड्या जागी बसवत आणि तिथून तारांचा जाडजूड पट्टा इंजिनजवळच्या हायड्रॉलिक भागापर्यंत जाई. झाकण उघडता येत असे, सर्किट दिसत असे, भाग ओळखता येत असे.

पुढे वजन, तारा आणि खर्च कमी करण्यासाठी मेंदू थेट हायड्रॉलिक ठोकळ्यालाच चिकटवला गेला. १९९०च्या दशकात ही रचना सर्वत्र रूढ झाली. अभियांत्रिकीच्या दृष्टीने निर्णय समजण्यासारखा होता. तारा कमी झाल्या, म्हणजे तारांचे बिघाडही कमी झाले. पण मेंदू आता कोरड्या, थंड जागेतून इंजिनच्या शेजारी आला. रोज तापणे, रोज निवणे, सतत थरथरणे. धातू तापला की पसरतो, निवला की आकसतो. अशी हजारो आवर्तने झाली की जोडांना सूक्ष्म तडे जातात.

त्यात डबीचे झाकण स्क्रूने नव्हे, तर चिकटवून किंवा वितळवून बंद केलेले. पाणी आत जाऊ नये हे खरे कारण होते. परिणाम मात्र असा झाला, की मेकॅनिकसाठी ती वस्तू दुरुस्तीच्या यादीतून निघून गेली. मॅन्युअलमध्ये एकच ओळ उरली, युनिट बदला.

दहा-बारा वर्षांनी त्या काळातल्या व्होल्वो, ऑडी, फोक्सवॅगन अशा अनेक गाड्यांत तोच पिवळा दिवा लागू लागला. गाडीची बाजारातली किंमत उतरली होती, मॉड्यूलची उतरली नव्हती. मालकासमोर तीन रस्ते होते: महागडा भाग घ्या, गाडी मोडीत काढा किंवा दिव्याकडे दुर्लक्ष करून चालवत राहा. बहुतेक गरीब मालक तिसरा रस्ता धरतात आणि धोका तिथेच असतो.

अर्धे उघडलेले दार

बिघाड कुठे आहे, हे गाडीला स्वतःलाच माहीत असते. प्रश्न एवढाच, की ते ती कोणाला सांगते.

१९९०च्या दशकातल्या टोयोटाच्या अनेक गाड्यांत निदानासाठी एक छोटा जोड असे. त्यातली ठरावीक दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडली की एबीएसचा दिवा मोजून लुकलुकू लागे. तीनदा लुकलुकून थांबला आणि मग एकदा लुकलुकला, तर कोड ३१, म्हणजे पुढच्या उजव्या चाकाचा सेन्सर. त्यासाठी यंत्र लागत नव्हते, फक्त तार आणि तक्ता हवा होता.

१९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कारमध्ये ओबीडी-टू हे समान निदान-सॉकेट सक्तीचे झाले. युरोप आणि भारतातही पुढे हीच पद्धत आली. त्यामुळे कोणताही स्वस्त कोड-रीडर कोणत्याही कंपनीचे इंजिन वाचू लागला. पण हा कायदा धुरासाठी होता. हवा प्रदूषित होऊ नये म्हणून इंजिनची भाषा सर्वांना खुली करावी लागली. ब्रेकची भाषा मात्र कंपन्यांची खासगी राहिली. बाजारातून आणलेला स्वस्त रीडर अनेकदा इंजिन नीट वाचतो आणि एबीएसपाशी गप्प बसतो, त्यामागे हे कारण आहे.

उरलेले दार लोकांनी ढकलले. अमेरिकेतल्या रॉस-टेक या छोट्या कंपनीने फोक्सवॅगन समूहाच्या गाड्या साध्या संगणकावरून वाचणारे सॉफ्टवेअर आणले. मग घरी बसलेला मालकही ००२८३ हा कोड वाचून समजू लागला, की पुढच्या डाव्या चाकाचा सेन्सर बोलत नाही. आणि ६५५३५ दिसला तर युनिट स्वतःच आजारी असण्याची शक्यता आहे.

घरच्या टेबलावर

कोड कळला म्हणजे निदान झाले, असे नव्हे. कोड फक्त दिशा दाखवतो. घरगुती दुरुस्ती करणाऱ्यांनी अनुभवातून तपासणीचा एक क्रम बसवला आणि तो आजही उपयोगी आहे.

आधी बॅटरी आणि फ्यूज पाहायचे, कारण व्होल्टेज कमी पडले तरी एबीएस स्वतःला बंद करून घेतो. मग ज्या चाकाचा कोड आहे ते चाक उचलायचे. प्रत्येक चाकाजवळ एक दातेरी कडी फिरते आणि तिच्यासमोर चुंबकाचा सेन्सर असतो. सेन्सरच्या टोकावर लोखंडी चुरा किंवा कडीवर गंज साचला तरी मोजणी चुकते. कडीला तडा गेला किंवा चाकाचे बेअरिंग ढिले झाले, तरी तेच होते. जुन्या धाटणीच्या सेन्सरमध्ये तारेचे वेटोळे असते. मल्टीमीटरवर त्याचा रोध साधारण एक किलो-ओहमच्या आसपास येतो आणि चाक हाताने फिरवले की किंचित एसी व्होल्टेज दिसते. चारही चाकांची मापे शेजारी शेजारी लिहिली की वेगळे चाक लगेच उठून दिसते. नव्या धाटणीच्या सेन्सरच्या आत स्वतःचे सर्किट असते, त्याला ही ओहमची चाचणी लावायची नाही.

इथे सगळे ठीक निघाले, तरच संशय डबीवर घ्यायचा. तिची एक खूण अशी, की दिवा गाडी तापल्यावर लागतो आणि सकाळी थंड असताना नसतो. आतल्या तड्याची ती ओळख आहे.

अनेक रचनांमध्ये ब्रेकच्या नळ्या न उघडताच मेंदूची डबी ठोकळ्यापासून सुटी करता येते. झडपा ठोकळ्यात राहतात, त्यांच्या कॉइल डबीसोबत बाहेर येतात. तेल सांडत नाही, हवा शिरत नाही. मग टेबलावर झाकण कडेने बारीक कापायचे आणि आतला भाग भिंगाखाली पाहायचा. जुन्या व्होल्वोच्या मालकांना इथे सोल्डरच्या डागांभोवती केसासारखे गोल तडे दिसले. सोल्डरिंग आयर्नने तेच डाग पुन्हा वितळवले, झाकण सिलिकॉनने बंद केले आणि दिवा विझला.

प्रत्येक डबी मात्र अशी सोपी नव्हती. काही प्रकारांत सोल्डरच नव्हते. सिरॅमिकच्या पट्टीवर नागड्या चिप, वर पारदर्शक जेल आणि जोडायला ॲल्युमिनियमच्या बारीक तारा. ॲल्युमिनियमवर क्षणात ऑक्साइडचा थर चढतो, साधा डाग त्याला धरत नाही. अनेकांनी प्रयत्न केले आणि बरीच मॉड्यूल कायमची गेली. त्यातूनच युरोप-अमेरिकेत छोटी वर्कशॉप उभी राहिली. ती पोस्टाने डबी मागवतात, अल्ट्रासोनिक यंत्राने तारा पुन्हा जोडतात आणि हमी देऊन परत पाठवतात. घरी काय जमते आणि कुठे थांबावे, हेही लोक चुकांमधूनच शिकले.

हक्क आणि जबाबदारी

पुढे हा प्रश्न कायद्याच्या दारात गेला. २०१२ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यात मतदारांसमोर विचारणा झाली, की कंपन्यांनी निदानाची साधने आणि माहिती बाहेरच्या मेकॅनिकलाही द्यावी का? ८५ टक्क्यांहून अधिक लोकांनी ‘होय’ म्हटले.

भारतात याहून मोठी गोष्ट घडली, पण तिची चर्चा कमी झाली. २०११ मध्ये एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली, की कार कंपन्या सुटे भाग आणि निदानाची साधने खुल्या बाजारात मिळू देत नाहीत. चौकशीची व्याप्ती वाढत गेली. ऑगस्ट २०१४ मध्ये आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि भाग व माहिती स्वतंत्र गॅरेजांना उपलब्ध करा, असे सांगितले. प्रकरण पुढे अपिलांत अडकले. पण देशातल्या एका अधिकृत संस्थेने मान्य केले, की गल्लीतल्या गॅरेजवाल्याला स्पर्धेबाहेर ठेवण्याचे साधन म्हणून माहितीचा वापर होतो.

आपल्या वस्त्यांत या गोष्टीला खास अर्थ आहे. मोटार गॅरेजच्या धंद्यात आपली किती मुले आहेत, हे वेगळे सांगायला नको. शाळा सुटलेला मुलगा उस्तादाच्या हाताखाली पाना धरायला शिकतो आणि दहा वर्षांनी स्वतः उस्ताद होतो. त्याची सगळी विद्या उघडून पाहण्यावर उभी आहे. वस्तू उघडतच नसेल आणि तिची भाषाही कळत नसेल, तर कसब असूनही त्याच्या हाती फक्त टायर आणि ऑइल उरते. त्याला आता पान्यासोबत मल्टीमीटर आणि स्कॅनरही शिकवायला हवा.

कंपन्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही, हेही मान्य करावे लागेल. ब्रेक ही हौसेची जागा नव्हे. चुकीची दुरुस्ती रस्त्यावरच्या तिसऱ्याच माणसाच्या जिवावर बेतू शकते. पण दिवा लागलेली गाडी पैशाअभावी तशीच पळवणे, हेही तितकेच धोक्याचे आहे. एबीएस बंद असताना साधा ब्रेक चालतो. मात्र पुढच्या-मागच्या चाकांत दाब वाटून देणारी यंत्रणाही त्याच मेंदूवर चालते. पिवळ्यासोबत लाल दिवाही लागला, तर गाडी चालवूच नये. आणि दिव्याचा बल्ब काढून टाकणे ही दुरुस्ती नाही, ती फसवणूक आहे. दिवा काढून विकलेल्या गाड्या बाजारात कमी नाहीत.

पुन्हा माझी गाडी

मी गाडी घेऊन मोहल्ल्यातल्या उस्तादांकडे गेलो. माझ्याकडचा स्वस्त रीडर एबीएसपाशी गप्प बसला होता. त्यांच्याकडे सर्व कंपन्यांचा स्कॅनर होता. “भाई, आधी चाकं बघू, मग डबीचं बघू,” ते म्हणाले. कोड मागच्या उजव्या चाकाचा निघाला. घरी येऊन मी जॅक लावला आणि मल्टीमीटरने चारही सेन्सर मोजले. तीन चाकांची मापे जवळपास सारखी आली, चौथ्यावर काहीच आले नाही. तार चाकामागच्या पत्र्याला घासून आतून तुटली होती, वरचे रबर मात्र शाबूत दिसत होते.

मी तिला डाग देणार होतो. उस्तादांनी अडवले. चाकाजवळची तार सतत हलते, तिथे डाग टिकत नाही, सेन्सरच नवा घाला, म्हणाले. सेन्सर मॉड्यूलच्या किमतीच्या काही टक्क्यांत आला. तो बसवून, तार क्लिपमध्ये नीट अडकवून, पाऊस पडल्यावर मोकळ्या मैदानात ब्रेक दाबून पाहिला. पायाखाली पेडल थरथरले, गाडी घसरली नाही आणि दिवाही परत लागला नाही.

डबी उघडावी लागलीच नाही, ती निरोगी होती. सर्व्हिस सेंटरच्या स्कॅनरनेही तोच कोड दाखवला असणार. पण चाक उचलून मोजण्याची तसदी तिथे कोणी घेतली नव्हती, कारण बदलणे हेच आता निदान झाले आहे. आठ वर्षे थांबून हजार भागांचे १४० करणाऱ्या अभियंत्यांनी जी चिकाटी दाखवली, तिचा थोडा अंश दुरुस्तीच्या टेबलावरही हवा. पुढच्या वेळी कोणी “उघडत नाही, बदला” म्हणाले, तर वाचकांनी एवढेच विचारावे: “मोजून पाहिलंत का?”